स्पॅनिश ‘प्वेन्ते’: पूल, सुट्टी, घोडी आणि डायरेक्ट केलेली गाडी

माद्रिदमधल्या दुकानांच्या शटरवर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘सेर्रादो पोर प्वेन्ते’ अशी चिठ्ठी लावलेली दिसते. शब्दकोश उघडून एकेक शब्द लावला तर अर्थ निघतो ‘पुलामुळे बंद’. इंग्रजीतून गेलात तर ‘क्लोज्ड फॉर ब्रिज’. चिठ्ठीचा खरा अर्थ वेगळाच आहे: दोन सुट्ट्यांच्या मधल्या दिवसाचीही सुट्टी जोडून घेतली आहे, म्हणून दुकान बंद.

प्वेन्ते हा शब्द स्पॅनिश शिकायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात भेटतो. वहीत ‘प्वेन्ते = ब्रिज = पूल’ असं लिहून आपण पुढे जातो आणि अडचण तिथेच सुरू होते. हा शब्द पुलाइतकाच सुट्टीसाठी, दातांसाठी, चष्म्यासाठी, तंतुवाद्यासाठी, विजेच्या तारेसाठी, तळपायासाठी आणि दोन माणसांमधल्या मध्यस्थासाठी वापरतात. यातल्या काही ठिकाणी इंग्रजी ‘ब्रिज’ चपखल बसतो, काही ठिकाणी मुळीच बसत नाही. मराठी माणूस बहुधा इंग्रजीमार्गे स्पॅनिश शिकतो, त्यामुळे इंग्रजीत झालेली चूक मराठीत दुप्पट होऊन उतरते. आमचं सांगणं एवढंच की इंग्रजी हा वाटेतला थांबा समजा, मुक्काम मराठीतच करा. या शब्दाच्या बाबतीत मराठीजवळ कितीतरी ठिकाणी इंग्रजीपेक्षा जवळचा शब्द आहे.

आधी उच्चार आणि घराणं

शब्द दोन अक्षरांचा आहे: ‘प्वेन्’ आणि ‘ते’. ‘पु-एन-ते’ असे तीन तुकडे करू नका. जोर पहिल्या अक्षरावर. ‘प’ पुण्यातला, ‘त’ ताकातला. इंग्रजी भाषकांना हा दंत्य ‘त’ जमवायला मेहनत पडते, आपल्याला तो आयता मिळालेला आहे. इंग्रजी वळणाचा ‘ट’ मात्र लावू नका.

मूळ लॅटिन शब्द ‘पोन्स’, त्याचं सामान्यरूप ‘पोन्तेम’. लॅटिनमधल्या ‘ओ’वर जोर असला की स्पॅनिशमध्ये त्याचा पुष्कळदा ‘उए’ होतो, आणि जोर सरकला की ‘ओ’ परत येतो. म्हणून पूल ‘प्वेन्ते’, पण तरंगता पूल ‘पोन्तोन’. दार ‘प्वेर्ता’, पण दारवान ‘पोर्तेरो’. कारंजं किंवा झरा ‘फ्वेन्ते’, पण नळदुरुस्तीवाला ‘फोन्तानेरो’. हा नियम एकदा बसला की गावांची नावंही उलगडतात: ‘पोन्तेबेद्रा’ म्हणजे जुना पूल, ‘पोन्फेर्रादा’ म्हणजे लोखंडी पूल. भाषाशास्त्रज्ञ लॅटिन ‘पोन्स’ आणि संस्कृत ‘पन्था’ एकाच मुळाशी नेतात. म्हणजे आपला ‘पंथ’ आणि स्पेनचा ‘प्वेन्ते’ हे दूरचे भाऊबंद आहेत. मुळात अर्थ होता वाट, ओलांडायची वाट. पुढचे सगळे लाक्षणिक अर्थ या ‘ओलांडण्या’तून फुटलेले आहेत, हे लक्षात ठेवलं तर निम्मं काम होतं.

आजच्या स्पॅनिशमध्ये शब्द पुल्लिंगी आहे, ‘एल प्वेन्ते’. जुन्या कास्तिलियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, तो स्त्रीलिंगीही चालत असे. ‘दे ला प्वेन्ते’ हे आडनाव त्याच काळाची खूण. जुन्या मजकुरात ‘ला प्वेन्ते’ दिसलं तर छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका. पोर्तुगीजमध्ये ‘पोन्ती’ आजही स्त्रीलिंगीच आहे. गोव्यात पणजी ते रायबंदर जो ‘पोन्ती दि लिन्यारिश’ आहे, 1630च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला, त्यात हाच शब्द आहे. तिथेही भाषांतराला अडकायला होतं, कारण त्याचा बराचसा भाग भराव घालून केलेला रस्ता आहे, पाण्यावर तोललेला पूल कमी. इंग्रजीत त्याला ‘कॉजवे’ म्हणणं जास्त बरोबर.

पायरी 1: खरा पूल आहे का, आणि कुठला

पहिला प्रश्न हाच. खाली नदी, दरी, रूळ किंवा रस्ता आहे का? असेल तर अर्थ शब्दशः आहे, पण ‘ब्रिज’ लिहून मोकळं होता येत नाही.

मेक्सिको किंवा कोलंबियात शहरातल्या रस्त्याबद्दल बोलताना ‘प्वेन्ते’ म्हटलं की बहुतेक वेळा तो उड्डाणपूल असतो. अमेरिकन इंग्रजीत ‘ओव्हरपास’, ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत ‘फ्लायओव्हर’. ‘प्वेन्ते पेआतोनाल’ म्हणजे पादचारी पूल: ब्रिटनमध्ये ‘फूटब्रिज’, अमेरिकेत ‘पेडेस्ट्रियन ओव्हरपास’. खेड्यातल्या ओढ्यावर लाकडं टाकून केलेला असेल तर कोकणातला आणि गोव्यातला वाचक ‘साकव’ म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी एवढा नेमका शब्द नाही. मराठी वाचकासाठी लिहिताना तो टाळू नका.

‘प्वेन्ते कोलगान्ते’ ही जोडी फसवी आहे. शब्दशः ‘लोंबता पूल’, कोशात ‘सस्पेन्शन ब्रिज’. पेरूमध्ये कुस्को प्रदेशात आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा पूल आहे. आसपासच्या गावांतले लोक तो दरवर्षी जूनमध्ये नव्याने विणतात, आणि 2013 मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद अमूर्त वारशात केली. तिथे ‘प्वेन्ते कोलगान्ते’ म्हणजे ‘रोप ब्रिज’, दोरखंडांचा झुलता पूल. आता स्पेनच्या बास्क प्रदेशात या. बिल्बाओजवळ पोर्तुगालेते आणि गेचो या गावांना जोडणारा 1893चा लोखंडी पूल आहे. लोक त्यालाही ‘प्वेन्ते कोलगान्ते’च म्हणतात. पण तिथे माणसं पुलावरून चालत पार होण्याऐवजी 45 मीटर उंचीवरच्या तुळईला टांगलेल्या पाळण्यात बसून, गाड्यांसकट, पलीकडे जातात. तंत्राच्या भाषेत तो ‘प्वेन्ते त्रान्सबोर्दादोर’, इंग्रजीत ‘ट्रान्सपोर्टर ब्रिज’. युनेस्कोच्या यादीत तो 2006 पासून आहे. त्याला ‘सस्पेन्शन ब्रिज’ लिहिलं तर वाचक सगळं चित्रच चुकीचं उभं करेल. म्हणून नाव दिसलं की त्या पुलाचा फोटो एकदा पाहाच. दोन मिनिटांचं काम आहे.

पुलाच्या भागांची नावं तर सगळी उसनवारीची आहेत आणि इथे कोश न बघता भाषांतर करणारा हमखास चुकतो. कमानीखालच्या मोकळ्या जागेला स्पॅनिशमध्ये ‘ओखो’ म्हणतात, म्हणजे डोळा. ‘प्वेन्ते दे सिएते ओखोस’ म्हणजे सात डोळ्यांचा पूल नाही, सात कमानींचा पूल. इंग्रजीत ‘सेव्हन-आर्च ब्रिज’, मराठीत सात गाळ्यांचा. दोन आधारांमधल्या अंतराला ‘लुस’ म्हणतात, म्हणजे उजेड. वर सांगितलेल्या बास्क पुलाची ‘लुस’ 160 मीटर आहे. तिथे इंग्रजीत ‘स्पॅन’ हवा. टोकाच्या, काठाला टेकलेल्या आधाराला ‘एस्त्रीबो’ म्हणतात, म्हणजे घोड्याची रिकीब, इंग्रजीत ‘अबटमेंट’. मधल्या खांबाला ‘पीला’, ज्याचा दुसरा अर्थ बॅटरीचा सेल आणि तिसरा दगडी कुंड. ज्यावरून चालतो तो ‘ताब्लेरो’, म्हणजे फळा, इंग्रजीत ‘डेक’.

पायरी 2: शेजारचं क्रियापद आणि आर्टिकल तपासा

खरा पूल नसेल तर शब्दाच्या डाव्या बाजूला पाहा. ‘आसेर’ (करणे) हे क्रियापद बहुतेक वेळा असतं, आणि त्याच्या आणि प्वेन्तेच्या मध्ये काय आहे यावर सगळा अर्थ फिरतो.

मध्ये काहीच नाही, म्हणजे ‘आसेर प्वेन्ते’: सुट्टीला जोडून रजा टाकणे. ‘आसेस प्वेन्ते?’ याचं चांगलं इंग्रजी ‘आर यू टेकिंग फ्रायडे ऑफ?’ किंवा ‘आर यू मेकिंग अ लाँग वीकेंड ऑफ इट?’ असं होईल. वार कुठला ते संदर्भातून घ्या. ‘आर यू मेकिंग ब्रिज?’ हे इंग्रजी नव्हेच. मराठीत ‘शुक्रवारची रजा टाकतोयस का?’ एवढंच पुरे.

मध्ये ‘दे’ आला, म्हणजे ‘आसेर दे प्वेन्ते’: मध्यस्थी करणे, दुवा होणे. ‘हुआन इसो दे प्वेन्ते एन्त्रे लोस दोस एर्मानोस’ म्हणजे दोघा भावांमध्ये हुआन दुवा झाला. इंग्रजीत ‘ॲक्टेड ॲज अ गो-बिटवीन’. ‘ब्रिज’ इथेही चालेल, पण भाषणी वाटेल. मराठीत ‘पूल झाला’ म्हणू नका. ‘दुवा’ हा आपला तयार शब्द आहे.

मध्ये ‘उन’ किंवा ‘एल’ आला आणि पुढे गाडी असेल तर किल्लीशिवाय तारा जोडून गाडी सुरू करणे. ‘ले इसिएरोन उन प्वेन्ते आल कोचे’, इंग्रजीत ‘दे हॉट-वायर्ड द कार’, आणि आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘गाडी डायरेक्ट केली’. इथे एक खबरदारी हवी. उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून गाडी सुरू करणं वेगळं, इंग्रजीत ते ‘जम्प-स्टार्ट’. स्पेनमध्ये त्यासाठी सहसा ‘पिन्सास’ म्हणजे चिमट्यांचा उल्लेख येतो, मेक्सिकोत ‘पासार कोर्रिएन्ते’ म्हणतात, पण काही ठिकाणी त्यालाही प्वेन्तेच म्हणतात. आसपास ‘बातेरिया’ किंवा चिमटे असतील तर जम्प-स्टार्ट. चोरी किंवा हरवलेली किल्ली असेल तर डायरेक्ट करणे. पोलिसी कागदपत्रांत हा फरक चुकला तर मदत करणारा माणूस चोर ठरतो.

‘आसेर एल प्वेन्ते’ व्यायामाबद्दल असेल तर शरीराची कमान. जिम्नॅस्टिक्समध्ये हात आणि पाय जमिनीवर टेकून पोट वर उचलतात ती, इंग्रजीत ‘ब्रिज’ किंवा ‘बॅकबेंड’, आपण सहसा जिला चक्रासन म्हणतो. योगाच्या पुस्तकात मात्र ‘पोस्तुरा देल प्वेन्ते’ म्हणजे सेतुबंधासन: खांदे जमिनीवरच, फक्त कंबर वर. इथे शब्द संस्कृतातून स्पॅनिशमध्ये गेलेला आहे. परत मराठीत आणताना ‘पुलाची मुद्रा’ असं काही करू नका, मूळ नाव वापरा. आणि दोन आसनांची अदलाबदल झाली तर वाचकाच्या मानेवर बेतू शकतं, म्हणून खांदे कुठे आहेत ते वर्णनात वाचून मगच नाव लिहा.

‘आसेर’ सोडून आणखी दोन क्रियापदं ओळखीची हवीत. ‘तेन्देर प्वेन्तेस’, शब्दशः पूल अंथरणे, म्हणजे संबंध जोडण्यासाठी पाऊल टाकणे. इंग्रजी ‘बिल्ड ब्रिजेस’ याच्याशी बरोबर जुळतं. राजकीय बातम्यांत हे रोज दिसतं. मराठीत ‘संवादाचा पूल बांधणे’ आता वर्तमानपत्रांनी रुळवलेलं आहे, तेव्हा वापरायला हरकत नाही.

दुसरं ‘प्वेन्तेआर’, नामाचंच क्रियापद. विजेच्या कामात फ्यूज किंवा स्विच ओलांडून थेट जोडणी करणे, इंग्रजीत ‘बायपास’. कचेरीत याचा अर्थ आपल्या वरच्या माणसाला वगळून थेट त्याच्या वरच्याकडे जाणे. ‘मे प्वेन्तेओ’ असं चिडून म्हणतात. इंग्रजीत ‘ही वेंट ओव्हर माय हेड’. आता मराठी पाहा: ‘मला विचारलंही नाही, परस्पर वर गेला.’ ‘परस्पर’ या एका शब्दात डावलणं आहे, पलीकडे जाणं आहे आणि बोलणाऱ्याची नाराजीही आहे. इंग्रजी वाक्याचं मराठी करत बसलं असतं तर ‘माझ्या डोक्यावरून गेला’ असं झालं असतं, आणि मराठीत त्याचा अर्थ ‘मला कळलं नाही’ होतो. इंग्रजीत मुक्काम करू नका म्हणतो ते यासाठी.

पायरी 3: सुट्टीचा अर्थ असेल तर देश आणि कॅलेंडर पाहा

सुट्टीचा प्वेन्ते सगळ्या स्पॅनिश जगात एकसारखा नाही.

स्पेनमध्ये सण ज्या वारी येतो बहुधा त्याच वारी राहतो. गुरुवारी सण असेल तर शुक्रवारची रजा टाकून चार दिवस मिळतात. मधला कामाचा दिवस ओलांडून जायचा, म्हणून ‘पूल’. फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीजमध्येही हीच कल्पना, हाच शब्द. स्पेनचा सगळ्यात मोठा प्वेन्ते डिसेंबरचा: 6 तारखेला संविधान दिन, 8 तारखेला मेरी मातेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण. 2022 मध्ये 6 तारीख मंगळवारी आणि 8 गुरुवारी आली. कॅलेंडर मांडून पाहा: शनिवार 3 ते रविवार 11, मध्ये सोमवार 5, बुधवार 7 आणि शुक्रवार 9 अशा तीनच रजा टाकल्या की सलग नऊ दिवस. इतक्या लांब सुट्टीला ‘माक्रोप्वेन्ते’ किंवा ‘आक्वेदुक्तो’ म्हणतात. आक्वेदुक्तो म्हणजे पाणी वाहून नेणारा, कमानींमागून कमानी असलेला पूल. हा शब्द इंग्रजीत ‘ॲक्विडक्ट’ करून ठेवला तर सगळा मजा जातो आणि अर्थही. ‘अ नाइन-डे ब्रेक’ असं सरळ लिहा.

ब्रिटिश वाचकासाठी ‘बँक हॉलिडे’ लिहिण्याचा मोह होतो. तो आवरा. बँक हॉलिडे म्हणजे सरकारने दिलेली सुट्टी, प्वेन्ते म्हणजे आपण मध्ये टाकलेली रजा. ‘ब्रिज डे’ हा शब्द युरोपातल्या कंपन्यांच्या इंग्रजीत दिसतो, पण सर्वसामान्य इंग्रजी वाचकाला तो समजेलच असं नाही.

कोलंबियात 1983च्या कायद्याने, लोक त्याला ‘लेय एमिलियानी’ म्हणतात, बऱ्याच सणांची सुट्टी पुढच्या सोमवारी सरकवली. त्यामुळे तिथला ‘प्वेन्ते फेस्तीबो’ शनिवार-रविवार-सोमवार असा आयताच येतो, रजा टाकावी लागत नाही. मेक्सिकोतही 2006 पासून काही राष्ट्रीय सुट्ट्या सोमवारी पाळतात. या दोन देशांच्या मजकुरात ‘लाँग वीकेंड’ एकदम बरोबर आहे, ‘टेकिंग अ डे ऑफ’ चूक. अर्जेंटिनात ‘फेरियादो प्वेन्ते’ म्हणजे मधला दिवस खुद्द सरकारनेच सुट्टीचा जाहीर करणं. आणि चिलीत पूल नाहीच, तिथे दोन सुट्ट्यांमध्ये अडकलेल्या दिवसाला ‘सांद्विच’ म्हणतात. आपल्याकडच्या कंपन्यांत ‘सँडविच लीव्ह’ हा शब्द ऐकलेल्या वाचकाला चिलीचा शब्द लगेच कळेल, पण तिढा असा की आपल्याकडे तो नियम रजा कापण्याचा आहे, चिलीत तो दिवस फिरायला जाण्याचा. तेव्हा तोही तसाच उचलून ठेवू नका.

मराठीत ‘जोडून आलेल्या सुट्ट्या’ आणि ‘सुट्टीला जोडून रजा’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत. पहिला कोलंबिया-मेक्सिकोसाठी, दुसरा स्पेनसाठी. इंग्रजीत जो फरक एका ‘लाँग वीकेंड’मध्ये बुजतो तो मराठीत आपोआप राखला जातो. सुरुवातीच्या चिठ्ठीचं मराठी असं: ‘सुट्टीला जोडून दुकान बंद आहे.’

पायरी 4: क्षेत्र ओळखा

कोशात अर्थाच्या आधी संगीत, नौकानयन, वीज अशी खूण असते. स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. नामाचे अर्थ आधी आणि त्याच नोंदीत खाली वाक्प्रचार, अशी त्याची रचना. पहिल्या दोन ओळी वाचून बंद करू नका, तळापर्यंत जा.

दातांच्या दवाखान्यात ‘प्वेन्ते’ म्हणजे ‘ब्रिज’च, मराठीतही तोच शब्द चालतो. घोळ होतो तो त्याच्या भागांत. आधाराच्या दाताला स्पॅनिशमध्ये ‘पिलार’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘अबटमेंट’. ‘पिलर’ लिहिलंत तर दंतवैद्य गोंधळेल. म्हणजे इंग्रजीत नदीचा पूल आणि दातांचा ब्रिज दोन्हीकडे ‘अबटमेंट’, पण स्पॅनिशमध्ये एकीकडे रिकीब आणि दुसरीकडे खांब. ‘प्वेन्ते दे त्रेस पिएसास’ म्हणजे ‘थ्री-युनिट ब्रिज’: दोन आधार आणि मधला खोटा दात.

हृदयाच्या अहवालात जास्त जपा. लॅटिन अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेला ‘प्वेन्ते कोरोनारियो’ म्हणतात. ‘ले इसिएरोन त्रेस प्वेन्तेस’ म्हणजे ‘ही हॅड अ ट्रिपल बायपास’. पण ‘प्वेन्ते मियोकार्दिको’ हा जन्मजात प्रकार आहे, रक्तवाहिनीचा काही भाग हृदयाच्या स्नायूखालून जातो. इंग्रजीत ‘मायोकार्डियल ब्रिज’. एक शस्त्रक्रिया, दुसरी शरीररचना. विशेषण वाचल्याशिवाय यातला कुठलाच शब्द लिहू नका.

तळपायाच्या आतल्या बाजूचा वळणदार भागही प्वेन्ते. इंग्रजीत तो ‘आर्च’, मराठीत ‘कमान’. इथे ‘ब्रिज’ साफ चूक. चष्म्याचा नाकावर टेकणारा भाग दोन्ही भाषांत पूलच. नाकाचा वरचा भाग स्पॅनिशमध्ये ‘प्वेन्ते’ म्हणतात तसाच ‘काबायेते’ही, आणि आपण नाकाचा दांडा म्हणतो.

तंतुवाद्यावर तारा ज्या पट्टीवर टेकतात ती स्पॅनिशमध्ये ‘प्वेन्ते’, इंग्रजीत ‘ब्रिज’. मराठीत मात्र ‘घोडी’. सतारीची घोडी, तंबोऱ्याची घोडी. व्हायोलिन-गिटारच्या मराठी लेखात ‘पूल’ लिहिलेला वाचला की वादकाला हसू येतं. फ्रेंचमध्येही त्या भागाला घोड्यावरूनच नाव आहे, ‘शव्हाले’. म्हणजे आपली कल्पना एकटी नाही.

जहाजावर ‘प्वेन्ते दे मान्दो’ म्हणजे जिथून कप्तान जहाज हाकतो ती जागा, इंग्रजीत नुसता ‘ब्रिज’. बँकेत ‘प्रेस्तामो प्वेन्ते’ म्हणजे ‘ब्रिज लोन’, कायमचं कर्ज मिळेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज. कारखान्यात ‘प्वेन्ते ग्रुआ’ म्हणजे ‘ओव्हरहेड क्रेन’, ब्रिज शब्द नसला तरी चालतो. विजेत ‘प्वेन्ते दे दियोदोस’ म्हणजे चार डायोडचा ‘ब्रिज रेक्टिफायर’, पण दोन टोकं जोडणारा तारेचा तुकडा म्हणजे ‘जम्पर’. ‘काबेसा दे प्वेन्ते’ हा लष्करी शब्द, ‘ब्रिजहेड’. ‘प्वेन्ते आएरेओ’ला दोन इंग्रजी शब्द लागतात: 1948-49 मध्ये बर्लिनला विमानांनी अन्न-कोळसा पोचवला तो ‘एअरलिफ्ट’, आणि माद्रिद-बार्सेलोना दरम्यान 1974 पासून चाललेली विमानांची नियमित ये-जा म्हणजे ‘एअर शटल’.

पायरी 5: म्हणी उलट्या बाजूनेही तपासा

इथे दोन्ही भाषांत पूल असतो आणि तरी अर्थ वेगळा असतो. ‘आ कोर्रीदो मूचा आग्वा बाखो एल प्वेन्ते’, शब्दशः पुलाखालून खूप पाणी गेलं. इंग्रजीत ‘वॉटर अंडर द ब्रिज’ तयारच आहे, म्हणून हात तिकडेच जातो. पण ‘इट्स वॉटर अंडर द ब्रिज’ म्हणजे झालं गेलं विसरून जा. स्पॅनिश वाक्य विसरायला सांगत नाही. मधल्या काळात बरंच घडलं एवढंच ते म्हणतं. त्याचं इंग्रजी ‘अ लॉट हॅज हॅपन्ड सिन्स देन’. मराठी मात्र जशीच्या तशी: ‘पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलंय.’ तोच पूल, तेच पाणी, तोच अर्थ. इंग्रजीतल्या ‘विसरून जा’साठी स्पॅनिश लोक ‘आग्वा पासादा’ म्हणतात, वाहून गेलेलं पाणी, तिथे पूल नाही.

असंच ‘बर्न युवर ब्रिजेस’. परतीची वाट बंद करणे या अर्थाने स्पॅनिशमध्ये पूल जळत नाहीत, जहाजं जळतात: ‘केमार लास नाबेस’. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर 1519 मध्ये एर्नान कोर्तेसने जहाजं निकामी केली, त्याच्याशी हा वाक्प्रचार जोडला जातो. मराठीत ‘परतीचे दोर कापणे’. हा प्रयोग ज्या कोंढाण्यावरून मनात येतो तो कुठल्याही मराठी वाचकाला सांगावा लागत नाही, आणि अर्थ स्पॅनिशशी इंग्रजीपेक्षा जवळचा आहे, कारण दोर आणि जहाजं दोन्ही आपणच, मुद्दाम तोडतो. इंग्रजीतला पूल पुष्कळदा भांडणात, नकळत जळतो.

आई मुलाला रागवते ते वाक्यही बघा: मित्र पुलावरून उडी मारेल तर तूही मारशील का? स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत पूल. मराठी आई विहीर म्हणते. लहान मुलांच्या गोष्टीत हे वाक्य आलं तर विहीरच लिहा.

तपासायची रीत सोपी. आपण केलेलं इंग्रजी किंवा मराठी वाक्य मूळ न पाहता पुन्हा स्पॅनिशमध्ये न्या. परत तोच वाक्प्रचार सुचला तर ठीक. दुसराच सुचला, उदाहरणार्थ ‘आग्वा पासादा’, तर मध्ये कुठेतरी पाय घसरलाय.

पायरी 6: विशेषनाम असेल तर हात लावू नका

आंदालुसियातल्या रोन्दा गावात दरीवर ‘प्वेन्ते नुएबो’ आहे, म्हणजे नवा पूल. तो 1793 मध्ये पुरा झाला. इंग्रजी प्रवासलेखांत नाव तसंच ठेवतात आणि तेच बरं, कारण ‘द न्यू ब्रिज’ म्हटलं की वाचक सिमेंटचा पूल डोळ्यांपुढे आणतो. मराठी वाचकाला मात्र एकदा अर्थ सांगायला हरकत नाही. पुण्याचा ‘नवा पूल’ शंभरी ओलांडूनही नवाच आहे, त्यामुळे नाव आणि वय यांतलं अंतर त्याला आधीच ठाऊक असतं. नावारातल्या ‘प्वेन्ते ला रेइना’ या गावाला ‘राणीचा पूल’ करू नका. नकाशावर ते सापडणार नाही.

शेवटी एक म्हण, जिच्यात सगळ्या पायऱ्या एकदम लागतात: ‘आ एनेमीगो के उये, प्वेन्ते दे प्लाता’. पळणाऱ्या शत्रूला चांदीचा पूल. निघून जाणाऱ्याची वाट अडवू नका, उलट सोपी करा, हा अर्थ. जुन्या मजकुरात इथेच ‘ला प्वेन्ते दे प्लाता’ असं स्त्रीलिंगी रूप भेटतं. इंग्रजीतही हीच म्हण आहे, पण तिथे पूल सोन्याचा, ‘गोल्डन ब्रिज’. इंग्रजी भाषांतरात चांदी ठेवली तर वाक्य परकं वाटेल, सोनं केलं तर ओळखीचं होईल. सोनं करा. मराठीत मात्र या अर्थाची पुलाची म्हण रुळलेली नाही, त्यामुळे धातू बदलायचं कारण नाही. ललित मजकुरात ‘पळत्या शत्रूला चांदीचा पूल बांधून द्यावा’ असं मूळ चित्र ठेवा. आणि भागीदार व्यवसाय सोडून जातोय अशा बोलण्यात ही म्हण आली असेल तर ‘जातोय ना, मग सुखाने जाऊ दे’ एवढं लिहिलं तरी अर्थ पोचतो.